फोन करणारा वेगळा, संकटातला वेगळा

प्रति,
मा. संपादक यांस,

विषय : गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांना दूरध्वनीवरून मिळणारी तातडीची मदत आणि सोलापूर जिल्हा

महोदय,

आत्महत्येच्या बातमीखाली हल्ली काही वेळा एका छोट्या चौकटीत ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापलेला दिसतो. ही चौकट छापणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते, कारण आमच्या घरी हा क्रमांक कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवून ठेवलेला आहे आणि तो कोणत्या घरांना लागतो हे मला चांगले ठाऊक आहे. परंतु क्रमांक फिरवल्यानंतर पुढे काय होते, काय व्हायला हवे आणि सोलापूरसारख्या जिल्ह्यात ते अडते कुठे, याविषयी फारसे लिहिले जात नाही. या विषयावर लिहिणारे बहुधा डॉक्टर असतात किंवा अधिकारी असतात. रात्री दीड वाजता फोन कानाला लावून उभी असलेली माणसे सहसा लिहीत नाहीत. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, याची जाणीव आहे. जमेल तसे छापावे.

माझा धाकटा भाऊ अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि गेली बावीस वर्षे त्याला स्किझोफ्रेनिया आहे. पूर्वी तो अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहीत असे. आता तो घरीच असतो. गोळ्या घेतो, सकाळी दूध आणतो, भाजी निवडून देतो, आणि चार-पाच दिवसांनी जेव्हा केव्हा आमच्या भागात नळाला पाणी येते, मग ते पहाटे तीनला का येईना, तेव्हा सर्वांत आधी उठून पिंपे, घागरी आणि गच्चीवरची टाकी भरण्याचे काम त्याचे. या कामाचे मोल सोलापूरकर वाचकांना सांगायला नको. मागच्या उन्हाळ्यात लागोपाठ दोन पाळ्या पाणी आले आणि तो उठला नाही. काहीतरी बिघडले आहे हे आम्हाला त्यावरून कळले. तोवर तो गोळ्या जिभेखाली धरून ठेवून नंतर मोरीत थुंकत होता, हे आमच्या लक्षातच आले नव्हते.

त्यानंतर दोनच दिवसांनी रात्री त्याने मागच्या खोलीचे दार आतून लावून घेतले. आत तो कोणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होता आणि त्यातले ‘हो, आता बास, आता बास’ एवढेच शब्द बाहेर स्पष्ट ऐकू येत होते. आई दाराबाहेर फरशीवर बसून त्याला हाका मारत होती. मी एका मदतवाहिनीला फोन लावला. ती कोणती, हे मी मुद्दामच लिहीत नाही, कारण माझे म्हणणे एखाद्या संस्थेविरुद्ध नाही. आधी ध्वनिमुद्रित सूचना, मग भाषेची निवड, मग संगीत, मग पुन्हा त्याच सूचना, असे होत होत शेवटी एका मुलीने फोन घेतला. आवाजावरून ती पंचविशीची असावी. बोलायला अतिशय सौम्य होती. तिने माझे नाव, गाव, भावाचे वय विचारले आणि म्हणाली, ‘ताई, पेशंटकडे फोन द्या, मला त्यांच्याशी बोलू द्या.’ मी म्हटले, तो दार उघडत नाही. ती म्हणाली, स्पीकरवर टाका. स्पीकरवरचा परका आवाज कानी पडताच आतले बोलणे एकदम थांबले आणि त्या शांततेने आम्ही आधीपेक्षा जास्त घाबरलो. ‘ते स्वतः बोलल्याशिवाय मला समुपदेशन करता येत नाही हो,’ असे तिने दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगताना तिचाही आवाज कापरा झाला होता. शेवटी तिने एका दवाखान्याचा पत्ता दिला आणि वेळ सांगितली : सकाळी दहा ते एक.

मग एका खासगी रुग्णवाहिकेला फोन केला. पहिला प्रश्न आला, ‘पेशंट शांत आहे का?’ शांत असता तर रुग्णवाहिका कशाला मागवली असती, हे ओठांवर आले होते, बोलले नाही. मानसिक पेशंट असेल तर आधी पोलीस बोलवा, मग गाडी पाठवतो, असे उत्तर मिळाले. पोलिसांना बोलावू द्यायला आई तयार होईना. गणवेश पाहून तो आत काय करून घेईल याची तिला भीती होती आणि, खरे सांगायचे तर, उद्या गल्लीत काय बोलले जाईल याचीही होती. अखेर साखर पेठेत राहणारा भावाचा जुना सहकारी स्कूटर काढून आला. त्याने दार ठोठावले नाही. दाराला पाठ टेकून खाली बसला आणि कधी मराठीत तर कधी तेलुगूत, कारखान्यातल्या मुकादमाच्या, बंद पडलेल्या मागांच्या, कोणाच्या तरी लग्नात हरवलेल्या चपलांच्या गोष्टी सांगत राहिला. पावणेसहाच्या सुमारास आतून प्रश्न आला, ‘चहा झाला का?’ सकाळी आम्ही रिक्षाने सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी अकरा दिवस ठेवून घेतले, औषध बदलले, आणि आता भाऊ पुन्हा पाणी भरायला उठतो.

त्या रात्रीनंतर मदतवाहिनीकडून एकही फोन आला नाही. ते दार उघडले की नाही, हे त्या मुलीला आजही ठाऊक नसेल. तिच्यावर माझा मुळीच राग नाही. तिच्या हातात होते तरी काय? एक संगणक, विचारायच्या प्रश्नांची एक यादी आणि दवाखान्यांचे पत्ते. तिच्या खुर्चीवरून सोलापुरातल्या कोणालाही उठवून आमच्या दारापर्यंत पाठवण्याची सोय तिला कोणी करून दिलेली नव्हती. माझी तक्रार आहे ती या सोयीच्या अभावाविषयी.

दूरध्वनीवरून धीर देण्याची कल्पना तशी जुनी आहे. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा नावाच्या धर्मगुरूंनी जगण्याला कंटाळलेल्या माणसांसाठी फोनवर बसायला सुरुवात केली आणि त्यातून समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली स्नेहा ही संस्था सुरू केली. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल ही सेवा २०१२ पासून चालते. या सर्वांच्या मुळाशी एक गृहीत आहे, आणि ते बऱ्याच वेळा बरोबरही असते : ज्याला दुःख आहे तोच फोन करील, तोच बोलेल, आणि कोणी न टोकता ऐकून घेतले तर त्याच्या मनावरचे ओझे हलके होईल. परीक्षेत नापास झालेला मुलगा, कर्जात बुडालेला यंत्रमागधारक, सासरी एकटी पडलेली सून यांच्यासाठी हे ऐकून घेणे मोलाचे आहे आणि त्याने जीव वाचतात, याविषयी मला शंका नाही.

गंभीर मानसिक आजारात मात्र हे गृहीतच कोसळते. ज्याच्या कानात दिवसरात्र आवाज येत आहेत, ज्याला वाटते की फोनमधूनच आपल्यावर पाळत ठेवली जाते आहे, तो मदतवाहिनीचा क्रमांक कशाला फिरवील? त्याला आपण आजारी आहोत हेच मान्य नसते. ते त्याच्या आजाराचे लक्षण आहे, हट्ट नव्हे. फोन करते त्याची आई, बायको, बहीण किंवा शाळेत जाणारी मुलगी. म्हणजे फोन करणारा वेगळा आणि संकटातला वेगळा. आणि जी व्यवस्था संकटातल्या माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय हलत नाही, ती नेमकी सर्वांत आजारी माणसाच्या घरासाठी बंद राहते. मनःस्वास्थ्याच्या चळवळीत अशा सांभाळणाऱ्यांना ‘शुभंकर’ आणि रुग्णांना ‘शुभार्थी’ म्हणतात. शब्द सुंदर आहेत. पण मदतवाहिनीच्या नोंदवहीत शुभंकराला अजून स्वतःचा रकाना नाही, तो फक्त ‘माहिती देणारा’ असतो.

अशी घरे किती असतील? बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यांतील प्रौढांची पाहणी झाली. त्यात महाराष्ट्र नव्हता. त्यावेळी सुमारे ०.८ टक्के प्रौढ गंभीर मानसिक आजाराने त्रस्त आढळले होते. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांच्या वर होती. त्यात प्रौढ पंचवीस-तीस लाख धरले आणि तेच प्रमाण इथेही लावले, तर वीस हजारांहून अधिक माणसे होतात. हा माझा ढोबळ हिशेब आहे, शास्त्रीय आकडा नव्हे. पण निम्मा केला तरी दहा हजार घरे उरतातच. त्याच सर्वेक्षणाने असेही सांगितले, की आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. आत्महत्यांच्या बाबतीत तर आपल्या राज्याची स्थिती सर्वांसमोर आहे : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली, त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातले होते, आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. यांतील प्रत्येक जण मानसिक रुग्ण होता असे कोणी समजू नये. कर्ज, कौटुंबिक कलह, दुर्धर आजार अशी अनेक कारणे त्यामागे असतात. पण त्यांच्यातही अशी माणसे असणार, ज्यांच्या घरच्यांनी त्याआधी कोणाला तरी फोन केला होता.

केंद्र सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात टेलिमानस योजना जाहीर केली आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्यदिनी, ती सुरू झाली. चोवीस तास, विनाशुल्क, वीस भाषांत. तिच्यावर वीस लाखांहून अधिक फोन आले आहेत, यावरून गरज किती आहे ते दिसते. योजनेची रचना मी मुद्दाम नीट वाचली आणि वाचून चकित झाले, कारण मला जे हवे आहे त्यातले बरेचसे कागदावर आधीच आहे. फोन प्रथम राज्याच्या कक्षातील प्रशिक्षित समुपदेशकाकडे जातो, गरज पडल्यास तिथल्या तज्ज्ञाकडे, आणि प्रत्यक्ष तपासणी हवी असेल तर दुसऱ्या स्तरावर म्हणजे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे, वैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेद्वारे डॉक्टरांकडे, अशी ही साखळी आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून चालू आहे. सोलापुरात १९६३ पासूनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेले मोठे रुग्णालय आहे, ज्याला आपण सगळे नुसते ‘सिव्हिल’ म्हणतो. साखळीचे दुवे आहेत. ते रात्री एकमेकांत अडकत नाहीत, एवढेच.

मला नेमके काय अपेक्षित आहे ते सांगते. रात्री पावणेदोनला अक्कलकोट तालुक्यातल्या एखाद्या गावातून एका आईचा फोन आला, तर समुपदेशकाने प्रथम आईचेच बोलणे हे पुरेसे मानावे. मुलगा जेवला आहे का, झोपला किती दिवस नाही, गोळ्या कधीपासून बंद आहेत, स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याविषयी काही बोलला आहे का, घरात लहान मुले आहेत का, त्याच्या हाताशी धोकादायक असे काही आहे का, हे प्रश्न आईला विचारता येतात आणि आई त्यांची उत्तरे रुग्णापेक्षा चांगली देते. मग आईला सांगावे, की दारासमोर गर्दी करू नका, ओरडू नका, त्याच्या भासांवर वाद घालू नका, ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे असा एकच माणूस दाराजवळ बसवा. आमच्या रात्री जे योगायोगाने घडले, ते कोणीतरी फोनवर समजावून सांगायला हवे होते. आणि हे चालू असतानाच त्याच फोनवर दुसरी लाइन जोडून जिल्ह्यातल्या रात्रपाळीच्या माणसाला आत घ्यावे. ‘हा क्रमांक लिहून घ्या आणि तिथे लावा’ असे सांगणे आणि ‘थांबा, मी जोडून देते, मी लाइनवरच आहे’ असे सांगणे यांत किती अंतर आहे, ते कापऱ्या हातांनी क्रमांक लिहून घेतलेल्या माणसालाच कळेल. मी त्या रात्री दवाखान्याचा पत्ता वीजबिलाच्या पाठीवर लिहिला होता. सकाळी तो मलाच वाचता आला नाही.

रात्रपाळीचा हा माणूस म्हणजे मानसोपचारतज्ज्ञच असला पाहिजे असा माझा आग्रह नाही. जिल्ह्याला एक प्रशिक्षित मनोविकार परिचारिका किंवा मनोसामाजिक कार्यकर्ता रात्री फोनवर उपलब्ध असेल, त्याच्याकडे जवळच्या ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरचा, रुग्णवाहिकेचा आणि त्या त्या पोलीस ठाण्यात नेमून दिलेल्या एका अंमलदाराचा क्रमांक असेल, तर बहुतेक रात्री निभावतील. यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम ९४ नुसार जिवाला धोका असेल अशा वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, मग तो मानसोपचारतज्ज्ञ नसला तरी, रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेण्यासाठी नेमलेली व्यक्ती, हजर असल्यास तिच्या संमतीने तातडीचे उपचार देऊ शकतो; ते ७२ तासांपर्यंत देता येतात आणि जवळच्या मानसिक आरोग्य आस्थापनेपर्यंत रुग्णाला पोचवणे हाही त्या उपचारांचाच भाग मानला आहे. ‘मानसिक पेशंट असेल तर गाडी नाही’ असे म्हणणाऱ्याला हे कोणीतरी वाचून दाखवले पाहिजे. कलम १०० पोलिसांवर जबाबदारी टाकते, की आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या व्यक्तीला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य आस्थापनेत न्यावे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. कलम ११५ तर आणखी पुढे जाते : आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरावे आणि तिच्यावर खटला भरू नये, तिची काळजी घेणे व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. तरीही ‘केस होईल’ या भीतीने आमच्या जिल्ह्यात आजही अनेक घरे रात्री फोन करत नाहीत. मदतवाहिनीवरच्या पहिल्या मिनिटातच हे एक वाक्य सांगितले गेले पाहिजे : घाबरू नका, गुन्हा नोंदवला जात नाही.

अंतराचाही विचार करावा लागेल. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. आम्हाला सर्वांत जवळचे येरवडा, म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर. खुद्द जिल्ह्यात करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. अशा ठिकाणी रात्री ‘रुग्णालयात घेऊन या’ हे उत्तर होऊ शकत नाही. सकाळपर्यंत घर कसे सांभाळायचे हेच तिथले तातडीचे उपचार असतात, आणि ते शिकवू शकतो तो फोनच. म्हणून तर फोनवरची मदत चांगली असावी हा आग्रह.

भाषेचा मुद्दा सोलापुरात गौण नाही. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत घराघरांत कन्नड बोलली जाते; शहराच्या पूर्व भागात, अशोक चौक ते साखर पेठ पट्ट्यात, तेलुगू ही चुलीपुढची भाषा आहे; दखनी उर्दू सगळीकडे आहे. ही माणसे बाजारात उत्तम मराठी बोलतात. पण पोटच्या पोराविषयी, मध्यरात्री, रडत रडत माणूस आपल्या भाषेतच बोलतो. टेलिमानसच्या वीस भाषांत कन्नड आणि तेलुगूही आहेत, हे खरे. परंतु फोन राज्यानिहाय कक्षाकडे वळवला जातो. तेव्हा महाराष्ट्रातून आलेल्या फोनवर कन्नड किंवा तेलुगू बोलणारा समुपदेशक रात्री किती वेळात मिळतो, हे आरोग्य विभागाने जाहीर करावे. सीमेच्या अलीकडे राहतो म्हणून अक्कलकोटच्या आईने परक्या भाषेत रडावे, अशी अपेक्षा कोणी करू नये.

त्याहून अवघड प्रश्न विडी कामगार बायकांचा आहे. कुंभारीच्या घरकुलात असो की शहरातल्या जुन्या चाळींत, सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या कितीतरी बायकांकडे स्वतःचा फोन नसतो. घरात एक फोन, तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात, आणि नेमका तोच मुलगा आजारी असतो. इथे आशा कार्यकर्ती हाच मदतवाहिनीचा पहिला फोन आहे. तिला मानसिक आजाराची धोक्याची चिन्हे शिकवावीत, तिच्या फोनवरून आलेल्या हाकेला प्राधान्य द्यावे, आणि या कामाचा तिला वेगळा मोबदलाही द्यावा. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक फुकटचे काम टाकून मोकळे होण्याची आपल्याकडची जुनी सवय इथे नको.

आता परत फोन करण्याविषयी. आलेल्या प्रत्येक तातडीच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने त्या घराला मदतवाहिनीने स्वतःहून फोन करावा, अशी माझी सर्वांत ठाम मागणी आहे, आणि खर्चाच्या दृष्टीने ती सर्वांत स्वस्त आहे. संकटाची रात्र सरली की घर थकून जाते. औषध चालू झाले, माणूस झोपू लागला की पुढची तारीख चुकते, गोळ्या पुन्हा जिभेखाली जातात. पतपेढीचा हप्ता एक दिवस चुकला तर तीन फोन येतात. ज्या घरातून रात्री दोन वाजता रडत फोन आला, तिथे एकही फोन परत का जाऊ नये? त्या दुसऱ्या फोनवर विचारायचे तरी काय असते? झोप लागते का, गोळ्या कोण देते, ओपीडीची तारीख कोणती, आणि शुभंकराने स्वतः जेवण केले का. आमच्या आईला हा शेवटचा प्रश्न गेल्या बावीस वर्षांत कोणी विचारलेला नाही.

याला काही आक्षेप घेतले जातात आणि ते मी ऐकले आहेत. खोडसाळ फोन फार येतात, समुपदेशक थकतात, नातेवाईक कधी कधी मालमत्तेच्या भांडणातून चांगल्या माणसाला ‘वेडा’ ठरवायला फोन करतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शेवटची तर गंभीर आहे, आणि २०१७ चा कायदा रुग्णाच्या इच्छेला, आगाऊ निर्देशाला (उपचार कसे व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याला) आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला एवढे महत्त्व देतो, तो याच अनुभवामुळे. म्हणूनच नातेवाइकाच्या फोनवरून कोणाला उचलून न्यावे असे मी म्हणतच नाही. फोन ऐकावा, धोका जोखावा आणि पाहायला माणूस पाठवावा. पाहायला जाणे आणि पकडायला जाणे यांतला फरक प्रशिक्षणाने शिकवता येतो. समुपदेशक थकतात हे तर मी त्या रात्री कानांनी ऐकले. त्यावर उपाय त्यांची संख्या वाढवणे, त्यांना कायम नेमणूक आणि नीट पगार देणे, आणि अवघड फोननंतर त्यांच्याशीही कोणी बोलेल अशी सोय ठेवणे हाच आहे. कंत्राटावर, सहा-सहा महिन्यांच्या मुदतवाढीवर बसलेल्या मुलीने दुसऱ्याला स्थैर्य कुठून द्यावे?

जिल्ह्यानिहाय आकडे दर महिन्याला जाहीर व्हावेत, हीदेखील मागणी आहे : सोलापुरातून किती फोन आले, किती उचलण्याआधीच कट झाले, सरासरी किती मिनिटे थांबावे लागले, किती फोन जिल्ह्यातल्या सेवेशी जोडले गेले. उजनी धरणाची पाणीपातळी आपण रोज छापता आणि आम्ही ती रोज वाचतो. हे आकडे महिन्यातून एकदा छापायला फार जागा लागणार नाही.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात याबाबत भारतीय प्रेस परिषदेने २०१९ साली मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आहेत. पद्धतीचे वर्णन, भडक मथळा, छायाचित्र हे टाळावे असे त्यांत स्पष्ट आहे. तरीही ‘मनोरुग्णाने घातला धुडगूस’ यांसारखे मथळे अधूनमधून कुठे ना कुठे दिसतात, आणि ते ज्या दिवशी छापले जातात त्या दिवशी माझा भाऊ दूध आणायला जात नाही. तो वर्तमानपत्र वाचतो, हे कदाचित मथळा देणाऱ्यांच्या लक्षात येत नसावे. १४४१६ ची चौकट जरूर छापावी, फक्त तिच्यात आणखी एक ओळ घालावी : ‘आपल्या घरातील व्यक्तीसाठीही आपण फोन करू शकता.’ ही ओळ आमच्यासारख्यांना आधी माहीतच नसते.

वरील मागण्यांचे निवेदन आम्ही काही शुभंकर मिळून तयार केले आहे आणि येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयातील लोकशाही दिनात ते सादर करणार आहोत. ज्यांनी अशी रात्र काढली आहे त्यांनी आपला अनुभव एका कागदावर लिहून त्या दिवशी सोबत आणावा. रुग्णाचे नाव, पत्ता, छायाचित्र काहीही नको. फोन किती वाजता लावला, पलीकडून काय उत्तर मिळाले आणि नंतर कोणी विचारपूस केली का, एवढेच लिहावे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, कोणत्याही भाषेत चालेल. वाचून दाखवायला आमच्यात माणसे आहेत. साखर पेठेतले ते सहकारीही येणार आहेत.

आपली नम्र,
एका शुभार्थीची बहीण,
सोलापूर